पावाचा तुकडा आणि महाप्रसाद

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



रायपूरहून बिलासपूरकडे निघालेला रस्ता शहर सोडता सोडता भनपुरीतून जातो. लाकडाच्या वखारी, भातगिरण्या, लोखंडाचे लहानमोठे कारखाने आणि कडेला रांगेने उभ्या असलेल्या मालमोटारी ही या भागाची ओळख. पोटासाठी येथे आलेला माणूस एका मुलखाचा नाही. दुपारची सुट्टी झाली की डबे उघडतात, आणि कोण कोठला हे भाषेच्या आधी डब्यावरून कळते. उन्हाळ्यात छत्तीसगढी मजुराच्या डब्यात बासी असते : रात्री शिजवून पाण्यात मुरवलेला भात, वर मीठ, जोडीला कांदा, हिरवी मिरची आणि असेल ती भाजी. शेजारच्या ओडिया कामगाराच्या डब्यातही तेच असते, मात्र तो त्याला पखाळ म्हणतो, आणि पुरीच्या जगन्नाथालाही पखाळाचा भोग चढतो हे त्याला ठाऊक असते.

मराठीत या पदार्थासाठी हाताशी असलेला शब्द म्हणजे शिळा भात. शब्दातच नापसंती आहे. 'शिळे' म्हटले की ताटाबाहेरचे, फार तर फोडणी घालून उजळ करून घ्यायचे. ज्या उन्हात बासीने माणूस तग धरतो त्या उन्हात मराठी घर कढत वरणभात जेवते आणि घाम पुसते. १ मे २०२२ रोजी कामगार दिनानिमित्त छत्तीसगढ शासनाने सर्वांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले, तेव्हा कुठे ती अनेक सुशिक्षित मेजांवर प्रथमच आली. (त्याच दिवशीच्या भातात पाणी घातले तर बोरे आणि रात्रभर मुरले तर बासी, हा भेद तेव्हाच अनेकांना समजला.)

पण शिळ्याताज्याचा हा प्रश्न सवयीचा आहे, आणि सवय चार दिवसांत बदलते. ज्याच्या ताटातला घास घ्यायचा त्याचा देव निराळा, उपासना निराळी, शुचितेची कल्पना निराळी असेल, तर मध्ये जे कुंपण उभे राहते ते सवयीचे नसते. आजचा विषय त्या कुंपणाचा आहे.

छत्तीसगढच्या भूमीला या बाबतीत एक फार मोलाची रीत लाभली आहे. तिचे नाव 'मितान'. दोन माणसे, बहुधा निरनिराळ्या जातींची, विधिपूर्वक मैत्री जोडतात. त्याला मितान बदणे म्हणतात. गंगाजल, भोजली, जंवारा असे या मैत्रीचे अनेक प्रकार आहेत आणि ज्या वस्तूच्या साक्षीने मैत्री जुळते तिचेच नाव त्या नात्याला मिळते. त्यांतला सर्वांत थोर समजला जाणारा प्रकार 'महाप्रसाद'. पुरीच्या यात्रेहून आणलेला जगन्नाथाचा महाप्रसाद एकमेकांना द्यायचा, आणि त्या क्षणापासून ते दोघे जन्मभराचे मितान. पुढे ते एकमेकांचे नाव घेत नाहीत. भेटले की 'सीताराम महाप्रसाद' म्हणतात. मितानाचे आईवडील हे दुसऱ्याचे फूलदाई आणि फूलबाबू होतात. लग्नकार्यात, मर्तिकात, अडीनडीला ही नाती रक्ताच्या नात्यांसारखी उभी राहतात.

यात महाप्रसादाचीच निवड का झाली असावी? पुरीच्या मंदिरात मातीच्या मडक्यांत रांधलेला भात देवाला दाखवून झाला की तो आनंदबाजारात येतो, आणि तेथे तो कोणी कोणाच्या हातून घ्यावा याला जातीची आडकाठी नाही. उभ्या भारतात शिजलेला भात हीच जातीची सर्वांत कडक सीमा होती. कोरडा शिधा कोणाकडूनही घेता येई, तळलेले पक्के अन्न बऱ्याच जणांकडून घेता येई. शिजलेला भात मात्र आपल्याच माणसांचा. ती सीमा ज्या एका भातापुढे लोप पावते तोच भात छत्तीसगढच्या खेडुतांनी मैत्रीची शपथ म्हणून निवडला. यात योगायोग मानण्यापेक्षा शहाणपण मानणे अधिक योग्य. अर्थात त्याच मंदिरात अन्यधर्मीयांना आजही प्रवेश नाही, हेही नाकारता येत नाही. परंतु महाप्रसाद मंदिराच्या दाराबाहेर पडतो, गाडीत बसतो, कापडात बांधून शेकडो मैल जातो. माणसावर घातलेली बंदी अन्नाने पाळलेली नाही.

या भूमीत मराठी माणूस आला तो भोसल्यांच्या घोडदळामागून. बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. पुढे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, आणि १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूरच राहिली. त्यामुळे कारकून, वकील, शिक्षक, रेल्वेचे नोकर असे मराठी लोक येत राहिले. त्यांनी गणपती आणले, नाटके आणली, वाचनालये आणली. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून मासिक काढले ते हिंदीत, आणि त्याचे नाव ठेवले 'छत्तीसगढ मित्र'. मराठी घरातल्या माणसाने या भूमीशी बदलेली ती मितानीच म्हणायची. पण याच लोकांनी सामानात सोवळ्याचा पंचाही बांधून आणला होता, आणि तो बराच काळ दोरीवर वाळत राहिला.

त्या पंच्याचा इतिहास मराठी समाजाला फारसा अभिमानास्पद नसला तरी उद्बोधक आहे.

मराठीत 'बाटणे' असे एक क्रियापद आहे. त्याचा धाक पिढ्यान्‌पिढ्या पुरला. गोव्यात आणि कोकणपट्टीत अजूनही सांगतात की विहिरीत पावाचा तुकडा टाकला, नकळत गाव ते पाणी प्याले, आणि गाव बाटले. ही कथा परकीयांच्या दुष्टपणाची म्हणून सांगितली जाते. ती नीट ऐकली तर तिच्यात दोन पात्रे दिसतात. पाव टाकणारा बाहेरचा होता हे खरे. पण पाणी प्यालेल्यांना परत घरात न घेणारे, दाराला आतून कडी घालणारे कोण होते? ते भाऊबंदच होते. पावाच्या एका तुकड्यात माणसाचा धर्म बदलण्याची शक्ती होती ती भटारखान्यातून आलेली नव्हती. ती शक्ती त्याला ज्ञातीने दिली होती.

हे ज्यांना उमगले त्यांनी नेमका तोच तुकडा हाती घेतला. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. या सभेत प्रवेश करणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, अशी रीत होती. सभा गुप्त होती. एखाद्या बंडासाठी शस्त्रे लपवावीत तसा या विद्वानांनी पाव लपवला होता. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटणार अशी भीती पसरली, आणि सभा विस्कटली. तिच्यातील काही मंडळी पुढे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात उघडपणे काम करू लागली, हा त्या फसलेल्या धाडसाचा लाभ.

नंतर तीस वर्षांनी पुण्यात जे घडले ते अधिक प्रसिद्ध आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासह शहरातील अनेक प्रतिष्ठित गृहस्थ उपस्थित होते. सभेनंतर मिशनरी यजमानांनी चहा आणि बिस्किटे पुढे केली. कोणी घेतली, कोणी मान राखण्यापुरता पेला हाती धरला. थोड्याच दिवसांत 'पुणेवैभव' पत्रात उपस्थितांची नावे झळकली. ही सगळी योजना गोपाळराव जोशी यांची होती. अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे ते पती. त्यांची पत्नी तीन वर्षे परधर्मीयांच्या देशात, त्यांच्याच आश्रयाने राहून आली होती. सुधारकांचे बोलणे आणि सनातन्यांचे वागणे दोन्ही एकदम तपासावे असा त्यांचा हेतू असावा. स्वभाव तर तसा होताच.

मग जे माजले त्याला ग्रामण्य म्हणतात. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, वादप्रतिवाद झाले, प्रायश्चित्ते ठरली. टिळकांनी आपण काशीस सर्वप्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले. तरीही घरच्या कार्यांना भटजी मिळण्यात अडचणी आल्याच. न्यायमूर्ती रानड्यांनी प्रारंभी प्रायश्चित्त घेण्याचे टाळले, पण त्यांच्याबरोबर अडकलेल्या मित्रांची घरे बहिष्काराने गांजली तेव्हा त्यांच्यासाठी ते घेतले. त्याबद्दल त्यांच्यावर सुधारकांनीच अधिक टीका केली. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत ही हकीकत लिहून ठेवली आहे. ती वाचताना जाणवते की या प्रकरणात चहापेक्षा माणसांची होरपळ मोठी आहे : कोणाचे वडील म्हातारपणी पंगतीबाहेर पडले, कोणाच्या बहिणीला माहेरी येता येईना. एका पेल्यासाठी एवढे.

चहाने कोणाचे काय बदलले? टिळक टिळकच राहिले, रानडे रानडेच. त्या सभेतला चहा पिऊन कोणी ख्रिस्ती झाले नाही. जे ख्रिस्ती झाले ते निराळ्याच वाटेने झाले, आणि ती वाट छत्तीसगढातून जाते हे येथील मराठी वाचकांना रोचक वाटेल. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी रेल्वेने येत होते. डब्यात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. वाचन, विचार आणि मनाचा झगडा यांतून १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला तो पुस्तकाने आणि चिंतनाने. रेल्वेच्या डब्यात कोणी त्यांना बिस्किट दिले असते तर त्याने तो बदलला नसता.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. पतीने धर्म सोडला, तरी त्यांनी आपला सोडला नाही. काही वर्षे दूर राहिल्या. एकत्र आल्या तेव्हाही पाणी वेगळे, चूल वेगळी. ज्याच्याशी संसार केला त्याच्या हातचे पाणी न चालणे म्हणजे काय, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त ज्या निर्मळ विनोदाने सांगितले आहे त्याला मराठीत तोड नाही. तो विटाळ मनातून गेला तो कोणाच्या जबरदस्तीने नाही, स्वतःशी वाद घालून गेला. येथे विटाळ आणि धर्म या दोन वस्तू निरनिराळ्या आहेत, हे एका बाईने स्वयंपाकघरात उभे राहून सिद्ध केले.

आता याच्या उलट बाजूचे एक उदाहरण. धर्माचे नियम कसून पाळूनही शेजाऱ्याच्या चवीशी एकरूप होता येते का? अलिबागच्या परिसरात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजाने ते करून दाखवले. हे यहुदी लोक मराठी बोलत आणि तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे मांस आणि दूध एकत्र चालत नाही. मग मांसाच्या रश्श्याला दाटपणा यावा कशाने? कोकणाने उत्तर दिले : नारळाच्या दुधाने. नारळाचे दूध हे दूध नव्हे. यहुदी नियम अभंग राहिला आणि कालवण अस्सल कोकणी झाले. धर्माच्या एका निर्बंधाने चव कमी होण्याऐवजी वाढली, असे उदाहरण पाकशास्त्रात क्वचित सापडेल.

त्यांनी आपल्या सणांना दिलेली जुनी मराठी नावे तर ऐकत राहावीत अशी आहेत. पुरीम होळीच्या आसपास येतो, म्हणून तो होळीचा सण. एका सणाला खीर होते, तो खिरीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक ज्या दिवशी पाळतात त्या दिवशी वालाचे बिरडे खातात, म्हणून तो बिरड्याचा सण. दोन हजार वर्षांपूर्वी दूर देशी पडलेल्या मंदिराचे दुःख आणि मोड आलेल्या कडव्या वालांची चव, एका वाटीत. कोणत्याही कोकणी गृहिणीला हे बिरडे ओळखीचे वाटेल. त्यामागचे दुःख मात्र तिला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

याच समाजात नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात : भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलदोडा, फळे. मलिदा हा शब्द फारसीतला, अर्थ 'चुरलेले, मळलेले'. महाराष्ट्रात पिराच्या दर्ग्यावर मलिदा चढतो तो चपातीचा चुरा करून, गूळ-तूप घालून. मोहरमच्या सवाऱ्यांपुढे मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात हिंदू घरांतूनही चोंगे आणि मलिदा जात आला आहे. एकच नाव, यहुद्यांचा प्रेषित, मुसलमानांचा पीर आणि हिंदूंचा नवस. मराठी भाषेने मात्र या पवित्र शब्दाचे काय केले? मलिदा खाणे म्हणजे आयता, बहुधा लाचेचा लाभ उकळणे. भाषेच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी, पण एखाद्या मुलाने मलिदा हा शब्द प्रथम वर्तमानपत्रातल्या भ्रष्टाचाराच्या बातमीत वाचावा आणि त्याची चव कधी घेऊच नये, ही गोष्ट काही बरी नाही.

भनपुरीच्या रस्त्याकडे परत वळायचे तर मालमोटारींच्या व्यवसायामुळे येथे पंजाबी चालकांचा राबता मोठा. गुरुद्वाऱ्यातले लंगर मराठी माणसाला परके नसते, पण त्याच्या एका शब्दाकडे सहसा लक्ष जात नाही. लंगरात बसण्याच्या ओळीलाही पंगतच म्हणतात. मराठीतही पंगतच. मराठी पंगतीने मात्र 'पंक्तिभेद' हा शब्द जन्माला घातला : कोणी आत, कोणी ओटीवर, कोणी अंगणाबाहेर. शीख पंगतीत राजा आला तरी त्याने जमिनीवर ओळीतच बसायचे. आणि ज्या ग्रंथासमोर हे लंगर चालते त्यात पंढरपूरच्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांच्या शब्दांना तेथे जे आसन मिळाले ते मराठी मुलखातल्या कित्येक पंगतींनी त्यांच्या अनुयायांना दिले नव्हते.

लंगराचे आणखी एक वैशिष्ट्य या विषयाच्या गाभ्याशी जाते. तेथे डाळ, रोटी, भाजी, खीर असे साधे शाकाहारी अन्न असते. शिखांमध्ये मांसाहार करणारे पुष्कळ आहेत. तरी लंगरात मांस शिजत नाही, कारण कोणीही आला तरी त्याला उठून जावे लागू नये. यजमान स्वतःच्या आवडीला मुरड घालतो. महाराष्ट्रातील कित्येक गावांत मुसलमान घरच्या लग्नात हिंदू पाहुण्यांसाठी वेगळा आचारी, वेगळी भांडी आणि वेगळा मांडव असतो, त्यामागेही हीच बुद्धी आहे. कोणी म्हणेल, हा तर पुन्हा भेदच झाला. पण भेद करणारा कोण आणि तो कोणासाठी, यावर त्याचा अर्थ ठरतो. पाहुण्याला जेवता यावे म्हणून यजमानाने मांडलेली दुसरी चूल आणि पाहुणा शिवू नये म्हणून मांडलेली दुसरी चूल, या दिसायला सारख्याच असतात.

म्हणून परधर्मीयांच्या अन्नाचा आस्वाद घेणे म्हणजे ताटात येईल ते गिळणे, असा अर्थ करणे चुकीचे आहे. अलीकडे असा एक सूर ऐकू येतो की जो काही वर्ज्य मानतो तो मागासलेला. छत्तीसगढात राहून असे म्हणणे अवघड आहे. गुरू घासीदासांनी आपल्या सतनामी अनुयायांना मांस आणि मद्य वर्ज्य सांगितले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात नोंद आहे की मसूर, मिरची, टोमॅटो असे लाल पदार्थही रक्ताच्या रंगाचे म्हणून ते वर्ज्य मानत. हे निषेध कोणाला हिणवण्यासाठी नव्हते. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई त्या समाजाने स्वतःचे ताट स्वतः ठरवले, त्यातून त्यांची मान ताठ झाली. याच रस्त्याने पुढे गेले की दामाखेडा लागते. तेथील कबीरपंथी मांसाला शिवत नाहीत. जैन घरात कांदा-लसूण नाही, मुसलमान घरात डुक्कर नाही, बऱ्याच हिंदू घरांत गाय नाही. प्रत्येकाच्या ताटाला कोठे ना कोठे काठ आहे. 'मला हे चालत नाही' असे म्हणण्याचा अधिकार सर्वांना सारखाच आहे. अडचण येते ती 'हे मला चालत नाही' याचे 'हे घाण आहे' असे भाषांतर झाल्यावर. ते भाषांतर फार सहज होते, आणि मुले ते फार लवकर शिकतात.

शाळेत ते मधल्या सुट्टीत दिसते. मराठी शाळा असली तरी वर्गात सगळी मुले मराठी घरांतली नसतात, आणि मराठी घरेही एकाच धर्माची नसतात. बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान, जैन अशी सर्व घरे मराठी बोलतात. एखादे मूल डबा उघडते, शेजारचे नाक धरते. घरून डबा देताना आईने 'दुसऱ्याच्या डब्यातले खाऊ नकोस' एवढेच सांगितलेले असते, आणि तिच्या मनात बहुधा पोट बिघडण्याची काळजी असते. मूल त्यात आपल्या परीने कारण भरते. ते कारण ज्याच्या डब्याला लागू पडते ते मूल दुसऱ्या दिवसापासून झाकणाआड जेवू लागते किंवा घरी हट्ट धरते की मला पोळीभाजीच दे, आपले काही देऊ नको. 'आपले काही देऊ नको' हे वाक्य ज्या आईला ऐकावे लागते तिच्या घरी त्या दिवशी काय होते, याची कल्पना पंचहौदाच्या प्रकरणात होरपळलेल्या घरांवरून करता येईल. तेथे निदान शास्त्रार्थ तरी झाला होता.

पालकांना याबाबत सांगण्यासारखे फार नाही, एक-दोन साध्या गोष्टी आहेत. मुलाला घरचा निषेध जरूर सांगावा, त्याचे कारणही सांगावे. पण ते कारण घरच्या श्रद्धेचे असावे, शेजाऱ्याच्या दोषाचे नसावे. 'आपल्याकडे मांस खात नाहीत' हे पुरेसे आहे. आणि जेथे निषेधाचा प्रश्नच नाही तेथे हात आखडू नये. शेवयांचा शीरखुर्मा, नाताळचा केक, गुरुद्वाऱ्यातला कडाप्रसाद, सतनामी शेजाऱ्याकडून १८ डिसेंबरला घासीदास जयंतीचे येणारे गोडधोड, तीजा-पोळ्याला छत्तीसगढी घरातून येणारी ठेठरी-खुरमी : यांपैकी बहुतेक पदार्थांना बहुतेक मराठी घरांच्या व्रताची आडकाठी नाही. तरीही ताटली घेऊन, 'ठेवते हं, नंतर खाऊ' असे म्हणून ती कामवालीला देऊन टाकण्याची एक सभ्य रीत काही घरांत आहे. ताटली परत देताना ती रिकामी देऊ नये हा संस्कार मात्र तीच घरे कसोशीने पाळतात. देणाऱ्याला त्या दाराआडचे कधी कळत नाही, असे समजणे भोळेपणाचे आहे.

गोव्यात नाताळात ख्रिस्ती घरांतून हिंदू शेजाऱ्यांकडे फराळ जातो आणि चतुर्थीला हिंदू घरांतून ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे. दोन्ही ताटांत एक पदार्थ असतो, नेवरी; महाराष्ट्रात तिला करंजी म्हणतात. ज्या मुलखात पावाच्या तुकड्याने विहिरी बाटल्याच्या कथा जन्मल्या त्याच मुलखात ही ताटे आज इकडून तिकडे जातात, आणि त्यांच्या वाटेवर पहाटेच सायकलचा भोंगा वाजवीत पोदेराने टाकलेला पाव हिंदू घराच्या दाराला लटकत असतो. दुधाच्या पिशवीशेजारी.

भनपुरीतही पाव आता घरोघर आहे. शाळेच्या कार्यक्रमात मिसळपाव केला तर तो पहिल्या तासाभरात संपतो. दादोबा पांडुरंगांनी दारे लावून खाल्लेला तो पाव मुले रांगेत उभी राहून दुसऱ्यांदा मागतात, आणि वाढणारी बाई कोणाला किती दिले याचाच हिशेब ठेवत असते.